उतारावरचा पूल

मी ज्या खात्यात नोकरी केली तिथे पूल बांधत नाहीत. पूल कुठे यावा ते तिथे ठरतं. हा फरक मी आयुष्यभर नातेवाइकांना सांगत आले आणि तो कुणालाही पटला नाही. लग्नात माझी ओळख "ही रस्त्यांकडे असते" अशी करून दिली जायची आणि मग कुणीतरी हातात जेवणाचं ताट घेऊन आपल्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दल मला जाब विचारायचं. खड्डा माझा नसे. आज जिथे ज्वारी उभी आहे तिथे वीस वर्षांनी किती माणसं राहतील याचा अंदाज बांधायचा आणि ती माणसं कामाला, शाळेत, दवाखान्यात कुठून जातील ते आधीच आखून ठेवायचं, हे माझं काम. याला नगररचना म्हणतात. नकाशावर असलेला रस्ता अखंड रेघेने दाखवतात, होऊ घातलेला तुटक रेघेने. माझी सगळी नोकरी तुटक रेघा काढण्यात गेली.

नोकरीतल्या गमती लिहा, असं संपादकांचं म्हणणं होतं. गमती आहेत, एखादी सांगेनही. पण मला एका पुलाबद्दल लिहायचं आहे, आणि त्या पुलाचा मला राग आहे. मी मुळात हळू लिहिणारी बाई. त्यात हा मजकूर हातात घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा, असं पुष्कळदा झालं. आता माझ्याजवळ घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून पुरा करते आहे.

शहराच्या पूर्वेला नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात एक गाव आहे. तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला लष्कराची कुंपण घातलेली जमीन. गावाला रीतसर नाव आहे, पण आसपासचे सगळे त्याला 'बेट' म्हणत. मीही तेच म्हणते. बेटावरून बाहेर पडायला एक फरशी होती, म्हणजे नदीच्या पात्रात बसवलेला बुटका, बिनकठड्याचा पूल. धरणातून पाणी सोडलं की फरशी बुडायची. गावात तेव्हा थोडीच घरं होती. पाणी येणार असं कळलं की लोक दळण आणून ठेवत, जनावरं वर बांधत आणि पाणी उतरायची वाट बघत. कुणाची तक्रार नसे. मोजक्या घरांना मोजका रस्ता पुरतो.

नव्वदीनंतर देशाची दारं उघडली आणि आमच्या शहरात त्या दारातून संगणक आले. बेटाच्या समोरच्या काठावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास आजूबाजूची गावं शहराच्या हद्दीत घेण्यात आली आणि त्यांचा विकास आराखडा करायचं काम आमच्याकडे आलं. बेटाचा नकाशा माझ्या टेबलावर आला.

माणसं किती वाढतील हे मोजायची एक जुनी रीत आहे. मागच्या काही जनगणनांचे आकडे घ्यायचे आणि वाढीची रेघ तशीच पुढे ओढायची. शांत काळात हे बरोबर येतं. त्या हिशेबाने बेटाला एक शाळा आणि एक रस्ता पुरला असता. पण मी तिथे हिंडत होते. शेतातल्या विहिरींवर टँकर भरताना दिसत होते. विजेच्या जोडण्यांसाठी रांग होती. जमिनीची खरेदीखतं बघायला मिळाली, त्यांत घेणाऱ्यांचे पत्ते दिल्ली-हैदराबादचे होते. मी टिपणात लिहिलं की इथे लवकरच एका तालुक्याच्या गावाएवढी वस्ती होईल, म्हणून आधी मोठा पूल व्हावा आणि मगच इमारतींना परवानगी द्यावी. त्यातलं 'आधी' आणि 'मगच' वरून येताना गळालं. पूल राहिला. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

जागा शोधायला मी आठवडाभर नदीकाठाने फिरले. माझ्याबरोबर सोपानराव होते. बेटावरचे जुने शेतकरी, बोलायला खमके.

"बाईसाहेब, एवढं यंत्रातनं काय बघताय? माणूस जिथनं चालत जातंय तिथनं गाडी बी जाईल."

"म्हणजे उतारावरून?"

"मंग! हितनंच माझी वरात आली."

उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. तिथे तळाला खडक असतो, पाणी पसरट असतं आणि दोन्ही अंगांना वाट चढत चढत उंच जमिनीवर जाते. पुलाचा पाया धरायला खडक हवा आणि पुलाला येऊन मिळणारा रस्ता उंचावर हवा. दोन्ही गोष्टी तिथे होत्या.

"नवरदेवाला दोघं खांद्याव घेत्यात," सोपानराव सांगत होते. "नवरी चालत. आमची मंडळी अजून ऐकवत्यात, तुमचे पाय कवा भिजलेच न्हाईत म्हणून."

मागून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "खोटं हाय का काय?"

मी तुटक रेघ उतारावर काढली. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला.

मसुदा प्रसिद्ध झाला की कचेरीच्या खिडकीवर जत्रा भरते. प्रत्येकाला आपल्या दारापर्यंत रस्ता हवा असतो आणि दारातून जाणारा नको असतो. मार्केट यार्डातले एक आडते यायचे, कांद्याच्या व्यापारातले. त्यांनी बेटाच्या रस्त्यालगत गोदामासाठी जागा घेतली होती. एक दिवस नकाशावर भिंग धरून म्हणाले, "अहो बाई, ही रेघ एवढी जाड का? या जाडीतच माझे दोन गुंठे गेले की."

म्हटलं, "पेन्सिलीला टोक करून देते."

"करा ना," ते अगदी मनापासून म्हणाले. "आणि शेजाऱ्याच्या बाजूने करा."

याच दिवसांत माझा धाकटा भाऊ मिलिंद पेढे घेऊन घरी आला. आम्ही विश्रांतवाडीचे. वडिलांनी आम्हा दोघांना पुस्तकांवर वाढवलं. मी सरकारी टेबलाला लागले आणि मिलिंद त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत. त्याने बेटावर फ्लॅट बुक केला होता.

"ताई, बाल्कनीतून माझं ऑफिस दिसतं. अगदी ॲक्रॉस द रिव्हर. दगड मारला तर बॉसच्या केबिनला लागेल."

"जाशील कसा?"

"पूल येतोय ना! बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आहे. वर झाडंबिडं, कठड्याला दिवे. आणि मी डीपी, तुमचा विकास आराखडा, पण बघितला. तूच काढलायस."

"मिलिंद, ती रेघ तुटक आहे. तुटक म्हणजे अजून काही नाही."

"तू काढलीस म्हणजे होणारच गं."

त्याची बायको सुजाता शाळेत शिकवायची. ती हसून म्हणाली, "ताई, मीही हेच म्हणत होते. पण हे म्हणे, आपल्या घरात प्लॅनिंग ऑफिसर असताना भ्यायचं कशाला."

मी पुन्हा एकदा समजावलं. तो ऐकणार नव्हता. नव्या घराच्या आनंदात असलेल्या माणसाला तुटक रेघेचा अर्थ सांगणं अवघड असतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत लेखी कळवलं की माझ्या भावाने या भागात घर घेतलं आहे. नियम तसा आहे आणि नियम योग्यच आहे.

त्यानंतर हरकती आणि सूचनांची सुनावणी झाली. मसुद्यावर कुणालाही लेखी हरकत घेता येते, समितीपुढे येऊन बोलता येतं. पुलाबद्दल दोन बाजू होत्या. एका मोठ्या बांधकाम व्यावसायिकाची जमीन वळणाच्या आतल्या अंगाला होती, नदीने गाळ टाकून केलेली, सखल, मळईची. त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की पूल त्या वळणावर घ्यावा, कारण तिथे पात्र अरुंद आहे, पूल कमी लांबीचा होईल आणि खर्च वाचेल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तिथे पुलाला मिळणारा रस्ता सगळा मळईतून जाणार होता, म्हणजे पुराच्या पाण्यातून. तो उचलायचा खर्च त्यांनी धरलाच नव्हता. पूल तिथे झाला की ती जमीन मात्र हमरस्त्याला लागणार होती.

दुसरी बाजू बेटावरच्या गावकऱ्यांची. ते ट्रॅक्टरमध्ये बसून आले होते, सगळ्यांच्या एकाच मजकुराच्या हरकती घेऊन, आणि सगळ्यांच्या वतीने सोपानराव बोलायला उभे राहिले. त्यांना लांबण लावायची सवय नव्हती.

"पूल उताराव हाय तो उतारावच घ्या. दुसरीकडं घ्याल तर बुडाल. आमचं येवढंच म्हननं हाय."

समितीपुढचं बोलणं टिपून घ्यायला एक वरिष्ठ लिपिक होते. शनिवार पेठेतले, सज्जन, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत अत्यंत कडक. ऱ्हस्व-दीर्घाची चूक असलेलं पत्र ते टाचणीने धरून परत करत. खेड्यातल्या माणसाचं बोलणं ते लिहून घेताना आपोआप शुद्ध करत जायचे. 'हाय'चं 'आहे' झालं, 'म्हननं'चं 'म्हणणे' झालं, आणि 'उताराव'चं 'उताऱ्यावर' झालं. पेठेत जन्म गेलेल्या माणसाला उतारा एकच ठाऊक, जमिनीच्या मालकीचा, सातबाराचा. नदीला उतार असतो हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा इतिवृत्तात असं आलं: 'पूल उताऱ्यावर घेण्यात यावा, असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे.'

समितीने त्याखाली निर्णय दिला: 'पुलाची नोंद सातबारा उताऱ्यावर घेणे ही बाब महसूल खात्याच्या अखत्यारीतील आहे. सबब सूचना अमान्य.' एकाच मजकुराच्या म्हणून बाकी सगळ्याही त्याच ओळीत अमान्य. मग उताराच्या बाजूने एकही हरकत शिल्लक राहिली नाही आणि वळणाच्या बाजूची एकच, वकिलाची, उरली.

लिपिकांना मी सांगितलं तेव्हा ते बिचारे पांढरे पडले. "अहो, असा शब्द आहे?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि शब्दकोश काढून बघितला. त्यात होता. ते स्वतः माझ्याबरोबर समितीच्या अध्यक्षांकडे आले. त्यांच्यावर माझा राग नाही. चूक त्यांच्या हातून झाली, आणि ती कबूल करायला ते जिना चढून आले. राग आहे तो पुढच्या संभाषणावर.

अध्यक्ष म्हणाले, "एका अक्षरासाठी सुनावणी पुन्हा घ्यायची? ट्रॅक्टर परत बोलवायचे?"

मी म्हटलं, "बोलवावे लागतील. त्यांचं म्हणणं आपण ऐकलेलं नाही."

"ऐकलं की. तुमच्याच लिपिकांनी लिहून घेतलं."

"सोपानराव काय म्हणाले ते आपणही समोर बसून ऐकलंत, साहेब."

त्यांनी पुढची फाइल ओढली. पण त्यांना समजलं होतं. ते स्वतः खेड्यातून आलेले, उतार म्हणजे काय हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत असणार. कुणाच्या तरी चुकीतून त्यांना हवा तो निकाल फुकट मिळाला होता आणि तो परत करायची त्यांची इच्छा नव्हती.

मी माझ्या वरिष्ठांकडे गेले. नीट टिपण लिहिलं होतं: खडक, उंची, पूररेषा, आणि तो शब्द. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

"मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच ते फाइलवर नको."

"मग कुठे हवं?"

"हे बघा, तुमचे बंधू तिकडे राहायला चाललेत. उताराजवळच ना त्यांची सोसायटी?"

"ते मी स्वतः लेखी कळवलंय. आणि रेघ काढली तेव्हा त्याने घर घेतलेलं नव्हतं."

"मला माहीत आहे. पण लोक काय म्हणतील? भावाच्या दारात पूल नेला. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

माझा भाऊ माझ्या रेघेवर विश्वास ठेवून तिथे राहायला गेला, आणि तो तिथे गेला म्हणून मला त्या रेघेबद्दल बोलायची बंदी झाली. ज्याच्या जमिनीला खरोखर रस्ता मिळाला त्याला कुणी विचारलं नाही की आपला यात काय संबंध. त्याला म्हणे हितसंबंध नसतो, त्याला व्यवसाय असतो. पुढच्याच महिन्यात बेटाचा नकाशा माझ्या टेबलावरून गेला आणि मला चौकांच्या नामकरणाचे प्रस्ताव तपासायला बसवण्यात आलं. एकाच चौकाला दोन थोर पुरुषांची नावं सुचवली गेली तर काय करायचं, याचा अभ्यास मी पुष्कळ वर्षं केला.

आराखडा मंजूर झाला. पूल वळणावर, तुटक रेघेत. रेघ तशीच तुटक राहिली आणि बेट मात्र भरत गेलं. इमारतींना परवानग्या देताना 'पूल प्रस्तावित आहे' असं लिहायचे. पूल नसलेल्या जागी हजारो माणसं आली ती या एका वाक्याच्या भरवशावर. सगळी त्याच फरशीवरून ये-जा करत. मिलिंदला समोर दिसणाऱ्या ऑफिसात पोचायला तासाच्या वर लागे. तो चेष्टा करायचा, "ताई, दगडाला पत्ता लिहून फेकतो, माझ्याआधी पोचेल." मला एकदाही बोल लावला नाही.

एका पावसाळ्यात धरण भरलं, पाणी सोडलं, फरशी बुडाली. सकाळी मिलिंदच्या छातीत दुखायला लागलं. सुजाताने रुग्णवाहिका बोलावली, ती आली. समोरच्या काठावर येऊन उभी राहिली. बाल्कनीतून दिसत होती. सोसायटीतली मुलं धावत लष्कराच्या फाटकावर गेली. तिथल्या जवानांनी वरून परवानगी मिळवली, आपली गाडी काढली, कुंपणाच्या आतून वळसा घालून त्याला घेऊन गेले. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण वळसा मोठा होता. मी इस्पितळात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. सुजाता त्यांना म्हणाली, "कुठून?" त्यांना प्रश्न कळला नाही.

मिलिंद गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कचेरीतले काही जण आले होते. माझे ते जुने वरिष्ठही आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, नियतीपुढे इलाज नसतो." मी त्यांना पाणी दिलं आणि काही बोलले नाही, कारण घरात भंतेजी बसले होते. आज बोलते. आमच्या घरात नियती हा शब्द वडिलांनी कधी येऊ दिला नाही. जे घडतं ते कारणांनी घडतं, कारणं माणसाला शोधता येतात आणि दूरही करता येतात, हे त्यांनी आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. इथे तर कारण शोधायचीही गरज नव्हती. ते मंजूर झालेलं होतं. नियती सही करत नाही. त्या नकाशावर सह्या होत्या, आणि त्यांतली एक हात जोडून माझ्यासमोर उभी होती.

मी निवृत्त झाल्यावर पूल झाला. वळणावर. उद्घाटनाला मंडप, सनई, दिव्यांची माळ. मला निमंत्रण होतं, ज्येष्ठ अधिकारी म्हणून शाल देणार होते. मी गेले नाही. पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं तेव्हा पूल उंच, कोरडा, नवाकोरा दिसत होता, आणि त्याला येऊन मिळणारा मळईतला रस्ता पाण्याखाली होता. पुलावर पोचता येत नव्हतं. एका अधिकाऱ्यांनी वार्ताहरांना सांगितलं, "पूल सुरक्षित आहे. पूल कुठेही बुडालेला नाही." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आमच्या खात्यात शब्दशः खरं बोलण्याचं शिक्षण फार चांगलं मिळतं.

सोपानराव आता फारसे हिंडत नाहीत. त्यांना भेटले तेव्हा म्हणाले, "बाईसाहेब, पूल बघितला का? नवरदेवावानी हाय. पाय भिजू देत न्हाई."

सुजाताला ते घर नको झालं आहे. बाल्कनीचं दार ती उघडत नाही. शाळेजवळ छोटी जागा बघून ठेवली आहे, हा फ्लॅट विकला की तिकडे जायचं. तिने एजंट नेमला, गोडबोल्या तरुण मुलगा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "आँटी, नो टेन्शन. पूल झाल्यामुळे रेट मस्त आहे. फक्त एक करू, पार्टीला दिवाळीनंतर आणू. पावसाळ्यात नको."

मी तिथेच बसले होते. सुजाता पंचवीस वर्षं मुलांना शिकवते आहे, आवाज न चढवता बोलते.

"पार्टीला मुलंबाळं असतील ना?"

"हो, फॅमिलीवालेच शोधतोय."

"मग धरणातून पाणी सोडतील त्या दिवशी घेऊन या. समोरच्या काठावर उभं करा आणि म्हणावं, इकडे या. मी इथून हात करीन."

त्याला वाटलं आँटी चेष्टा करतायत. तो माझ्याकडे बघून हसला. आम्ही दोघी हसलो नाही, तेव्हा तो उठला.

दुसरा एजंट आला, तिसरा आला. अट तीच आहे. घर अजून विकलं गेलेलं नाही.